गतकुळीचा शोध

श्राद्धाच्या दिवशी भटजी यजमानाला पित्याचे, पितामहाचे आणि प्रपितामहाचे नाव विचारतात. पहिली दोन नावे यजमान तत्परतेने सांगतो आणि तिसऱ्या नावापाशी अडखळून माजघराच्या दाराकडे पाहू लागतो, कारण पणजोबांचे नाव त्या घरात कोणाला ठाऊक असलेच तर ते तिथे बसलेल्या एखाद्या वृद्ध आत्याला ठाऊक असते. वसु, रुद्र आणि आदित्य या तीन रूपांत तीन पिढ्यांना पिंड देण्याची व्यवस्था लावून धर्मशास्त्राने चौथ्या पिढीपासूनच्या पितरांना ‘लेपभागी’ ठरविले आहे. म्हणजे पिंड देताना हाताला चिकटून राहिलेल्या अन्नापुरताच त्यांचा अधिकार. मनुष्याच्या स्मरणशक्तीची मर्यादा आपल्या शास्त्रकारांनी किती अचूक ओळखली होती, याचे याहून चांगले प्रमाण क्वचितच सापडेल. घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्याचे काम या लेपभागी पितरांपासून सुरू होते.

हे काम करणारे लोक पूर्वी बहुधा निवृत्तिवेतनावर आलेले, जुन्या वळणाचे, बाडे काखोटीस मारून नातलगांच्या घरोघर हिंडणारे गृहस्थ असत. आज त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्येने, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षाबाहेरच्या बाकावर, मुलीच्या प्रवेशाची मुदत संपत आली म्हणून रजा टाकून आलेले बाप आणि प्लास्टिकच्या पिशवीत चुलत्याच्या शाळेचा दाखला सांभाळून बसलेल्या आया दिसतात. जातीचा दाखला मागणाऱ्याने अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा आणावा, असा महाराष्ट्रातला दंडक आहे. या तीन तारखांनी जितक्या माणसांना आपल्या आजा-पणज्यांच्या मागावर धाडले, तितक्यांना कोणत्याही इतिहास मंडळाने धाडले नसेल. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा तर ज्या मोडी वाचकांना वर्षानुवर्षे कोणी विचारीत नव्हते त्यांना कचेऱ्या-कचेऱ्यांतून बोलावणी आली, आणि जुन्या कागदपत्रांच्या ज्या रुमालांच्या गाठी इंग्रजी अमलानंतर कदाचित सुटल्याच नव्हत्या त्या भराभर सुटू लागल्या.

यात काही हीन आहे असे मला वाटत नाही. निवृत्त गृहस्थाचे संशोधन शुद्ध जिज्ञासेचे आणि बाकावरच्या बापाचे गरजेपोटीचे, असा भेद करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ज्या कागदांत हे दोघेही शोध घेतात, ते कागद मुळात जिज्ञासेपोटी कोणीही लिहिलेले नाहीत. आपल्या खापरपणतवंडांना आपण कोण होतो हे कळावे, या हेतूने जुन्या काळी गावात कोणी दौत उघडली नाही. सरकारला सारा हवा होता म्हणून जमिनीचा झाडा लिहिला गेला. भाऊबंदांना पाटिलकीचा मान हवा होता म्हणून करीना, म्हणजे घराण्याची हकीकत, लिहिला गेला. तीर्थोपाध्यायाला यजमान हातचा जाऊ द्यायचा नव्हता म्हणून वही ठेवली गेली. ज्याच्या मागे कोणाचा तरी हक्क वा कोणाचे तरी येणे होते तो माणूस कागदावर आला, आणि ज्याच्यापासून कोणाला काही घ्यायचे नव्हते व ज्याला कोणी काही देणे लागत नव्हते, तो राबून, लेकरे वाढवून, निनावी निघून गेला.

पेशवाईपूर्वीपासून गावोगाव थळझाडा म्हणून एक कागद असे. गावातील एकेक थळ, म्हणजे मूळ घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा जमिनीचा तुकडा, आणि त्याचा त्या वेळचा धनी कोण, याची ती यादी. मिरासदाराचे नाव त्यात पिढ्यान्पिढ्या टिके. उपरी म्हणून बाहेरून येऊन कसणाऱ्याचे टिकत नसे. आणि ज्या घराण्याचा वंश खुंटला, किंवा जे दुष्काळात वा दंग्यात परागंदा झाले व परतलेच नाही, त्याच्या थळापुढे ‘गतकुळी’ असा शेरा पडे. मोठी विलक्षण गोष्ट ही की, तो शेरा असला तरी थळाचे जुने नाव कारकून पुसत नसे. माणसे गेली तरी शेताला त्यांचे आडनाव चिकटून राही. आजही एखाद्या गावात अमुक आडनावाचे एकही घर नसताना त्या नावाचा मळा असतो. आडनाव शोधणाऱ्याने सातबारा उघडण्यापूर्वी गुराख्याला शेतांची नावे विचारावीत, असे मी म्हणेन.

वतनाच्या तंट्यांनी तर घराण्यांच्या इतिहासावर अगणित उपकार करून ठेवले आहेत. दोन भाऊबंद पाटिलकीवरून गोतसभेपुढे वा हुजुरात उभे राहिले की प्रत्येकाने आपला करीना द्यायचा: मूळ पुरुष कोठून आला, त्याला पुत्र किती, वडील कोण, धाकटा कोण, वाटणी केव्हा झाली, कोणता भाऊ लढाईत पडला, कोणाला दत्तक घेतले. पुढे गोताच्या साक्षी, मग महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, आणि त्याखाली निशाण्या. पाटलाचा नांगर ठरलेला, बलुतेदारांची आपापल्या धंद्याची हत्यारे. घराणे जितके भांडखोर तितका त्याचा इतिहास संपन्न. सलोख्याने नांदलेल्या घराण्याच्या वाट्याला दफ्तरात एक ओळसुद्धा येत नाही.

या साऱ्या लेखनाचा महासागर म्हणजे पुण्याचे पेशवे दफ्तर. १८१८ नंतर ते इंग्रजांच्या हाती गेले. त्यांनीही ते जपले ते इतिहासप्रेमाने नव्हे. इनामे कोणाची खरी व कोणाची खोटी हे ठरविण्यासाठी. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिणेतील इनामदारांना आपापल्या सनदा, भोगवट्याचे पुरावे आणि वंशावळी घेऊन साहेबापुढे उभे राहावे लागले. पुष्कळांची इनामे त्यात गेली. कागद मात्र राहिले. आज पुणे पुराभिलेखागारात सुमारे ३९ हजार रुमाल बांधलेले आहेत, आणि रियासतकार सरदेसायांनी १९३० पासून पुढे चार-पाच वर्षांत त्यातून निवडून जे ४५ खंड प्रसिद्ध केले, ती या सागरातली ओंजळ होय.

रुमाल उघडणे ही गोष्ट ऐकताना वाटते तितकी रम्य नाही. आत लांब पट्ट्यांचे कागद असतात. घड्यांवर विटलेले, कडांना कसरीने जाळी पाडलेले. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाही. त्यामुळे नवशिक्याला प्रत्येक ओळ एक अखंड शब्दच भासते. नावे ओळखू येऊ लागली की तारखेची अडचण उभी राहते. कागदावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असा सन पडला असेल, तर ते अरबी अंक सुटे करून मांडावे लागतात: दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७२. हा शुहूर सन मृग नक्षत्रावर सुरू होई. म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ६००. वरचा कागद १७७१-७२ मधला ठरतो. फसली सन निराळा, राजशक निराळा. एका अंकाची चूक झाली की नातू आजोबांच्या आधी जन्मास येतो, आणि छापील कुलवृत्तांतांत असे नातू मी पाहिलेले आहेत.

कुलवृत्तांतांविषयी दोन शब्द येथेच सांगून टाकतो. विसाव्या शतकात, विशेषतः ब्राह्मण व प्रभू घराण्यांतून, असे ग्रंथ मोठ्या हौसेने निघाले. पत्रे पाठवून, घरोघर फिरून, पदरमोड करून ज्यांनी ते सिद्ध केले त्यांच्या चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे. तथापि गौरव हा त्यांचा हेतू असल्याने वेडा झालेला काका, धर्मांतर केलेला भाऊ आणि पुनर्विवाह केलेली विधवा ही मंडळी त्या वंशवृक्षावर सापडत नाहीत. मूळ पुरुष मात्र हटकून पराक्रमी निघतो. कुलदैवतावरून स्थलांतराचा मार्ग काढण्याची त्यांची पद्धत मोलाची आहे. गुहागरचा व्याडेश्वर कुलस्वामी आणि कुलस्वामिनी पार मराठवाड्यात अंबाजोगाईची योगेश्वरी, असे कितीतरी चित्तपावन घराण्यांत आहे, आणि या अंतराचा उलगडा करण्याचा प्रयत्न करावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण दैवत हा इशारा आहे, दस्तऐवज नव्हे; त्यावर मोठी इमारत उभारू नये.

ज्यांच्या घरी वतन नव्हते, सनद नव्हती, त्यांच्यासाठी इंग्रजी अमलाने एक दार उघडले. हे दार म्हणजे गाव नमुना नंबर १४. बोलीत कोतवाल बुक. जन्म आणि मृत्यू यांची ही गावपातळीवरची नोंदवही. रावापासून रंकापर्यंत जो जन्मला व जो मेला तो, निदान तत्त्वतः, तिच्यात यायचा. एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात असे एक बुक माझ्यासमोर उघडले गेले. कापडी बांधणी केव्हाच सुटलेली, पाने हाताळताना कडेचा चुरा मेजावर पडत होता. जन्माच्या बाजूला बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचे नाव नाही, कारण नोंद बारशाआधी झालेली. आईचे नाव नाही, कारण तसा रकानाच नाही. जातीच्या रकान्यात कोठे पूर्ण शब्द, कोठे एखादे आद्याक्षर आणि पुढे टिंब. त्या एका टिंबावर आज कितीजणांचे दाखले अडून बसले आहेत.

मृत्यूची बाजू अधिक बोलकी होती. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांत एखादी नोंद, कारण बहुधा ‘ताप’. आणि मग १९१८ च्या ऑक्टोबरात पान भरून जाते, दुसरे पान भरून जाते. तो इन्फ्लुएंझाचा काळ होता, पण कारकुनाच्या हाती असलेल्या रकान्यात त्यालाही ‘ताप’ हाच शब्द. एकाच बापाच्या नावापुढे आठवड्याच्या आत तीन ओळी. चौथी ओळ त्या बापाचीच. अक्षरही मध्येच बदलते. पहिला लिहिणारा आजारी पडला, रजेवर गेला की आणखी काही झाले, हे नोंदवही सांगत नाही. कुटुंबाच्या दंतकथेत ‘आमचा पणजोबा मामाकडे वाढला’ एवढे एकच वाक्य उरलेले असते, त्याचे कारण या पानावर सापडते. जमिनीच्या बाजूने गेल्यास फेरफार नोंदवहीत त्याच सुमारास वारसाचे फेरफार पडलेले दिसतात. ‘मयत’ हा शब्द, वारस अज्ञान, पालनकर्ती आई वा चुलता. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. कोतवाल बुक माणूस मेला एवढे सांगते, फेरफार त्याच्यामागे कोण उरले ते सांगतो.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची कीर्ती यांहून जुनी आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, आणि दूर काशी, प्रयाग व गया; या क्षेत्रांतील उपाध्यायांनी गावांवरून व आडनावांवरून यजमान वाटून घेतलेले असतात. यात्रेकरूने आपले नाव, गाव, बापाचे, आजाचे, भावाचे, मुलांचे नाव, बरोबर आलेल्यांची नावे, शक्य तर स्वहस्ते, लिहून द्यायची. पुढे त्याचा नातू आला की तीच वही उघडायची आणि ‘तुमचे आजोबा अमुक शके आले होते’ असे म्हणून यजमानपद पक्के करायचे. नाशिकला एका उपाध्यायाच्या माडीवर या वह्या पाहण्याचा योग आला. लांबट आकाराच्या, दोरीने वरच्या बाजूस शिवलेल्या, उघडल्या की खालून वर उलटायच्या. उपाध्ये स्वतः बँकेत नोकरीस. वह्या पाहतात ते सुट्टीच्या दिवशी. “आमच्या वहीला रकाने नाहीत,” ते म्हणाले, “म्हणून तिच्यात माणसं मावतात.” बोलणे खरे होते. ‘समागमे मातोश्री’, ‘समागमे कुटुंब’, ‘भगिनी’, ‘मावशी’ अशी सरकारी दफ्तराला परकी असलेली माणसे त्या ओळींत सापडत होती, आणि त्यांतल्या काहींना नावेही होती. अर्थात ज्यांना क्षेत्री येण्याइतका पैसा व अधिकार होता त्यांचीच ही वही. ज्यांना घाटाच्या पायरीवरही उभे केले जात नव्हते, त्यांचे पूर्वज तिच्यात शोधण्यात अर्थ नाही.

गोव्यात या बाबतीत निराळेच वळण लागले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली चर्चच्या धर्मगुरूंना विवाहांची नोंद ठेवणे बंधनकारक केले, बाप्तिस्म्याची नोंद तर हवीच. आणि १५९५ साली दियोगो दो कोउतो या इतिहासकाराकडे गोव्याच्या दफ्तरखान्याचा कारभार सोपविला गेला. त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबाला आपली पिढी चर्चच्या वहीत शोधता येते, तर हिंदू कुटुंबाला देवळाच्या महाजनांच्या यादीत. कारण १८८६ च्या पोर्तुगीज नियमावलीने देवळांच्या कारभारात महाजन कोण हे लेखी ठरविले. येथेही पुन्हा हक्कच. एकीकडे मोक्षाचा, दुसरीकडे पालखीचा.

आता दगडांकडे वळतो. हिंदूंना स्मशान आहे, कबरस्तान नाही; देह जाळून अस्थी नदीत सोडणाऱ्या समाजाला थडगे वाचण्याची सवय कोठून असणार? गावाच्या वेशीवर वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत झुंज, तीवर अप्सरांसवे स्वर्गारोहण, सर्वांत वर शिवलिंगापुढे बसलेला वीर. पण नाव कोरलेला वीरगळ विरळाच. गोसाव्यांच्या, लिंगायतांच्या समाध्या आहेत, त्यांवरही पादुका वा लिंग असते, अक्षरे क्वचित. म्हणून दगडावरून घराणे कसे वाचतात हे ज्याला पाहायचे असेल त्याने कोकणात, अलिबाग-मुरुड-पेणच्या बाजूला, बेने इस्रायल या यहुदी समाजाच्या कबरस्तानांत जावे. महाराष्ट्रात या शास्त्राची इतकी चांगली शाळा दुसरी नाही.

अलिबागच्या उत्तरेस किनाऱ्यालगत नवगाव आहे. फार पूर्वी येथे एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि वाहून आलेली प्रेते येथेच पुरली, अशी या समाजाची परंपरा आहे. त्या दफनाचे दोन उंचवटे आजही दाखवितात. या कथेच्या काळाविषयी इतिहासकारांचे एकमत नाही, पण तिच्या परिणामाविषयी शंका नाही. तेल गाळण्याचा धंदा पत्करून, शनिवारी घाणा बंद ठेवून, ‘शनिवार तेली’ हे नाव घेऊन हे लोक किनारपट्टीच्या गावागावांत शतकानुशतके राहिले आणि पुढे मुंबईला गेले तेव्हा गावाची नावे आडनावे म्हणून घेऊन गेले: किहीमचे केहिमकर, चौलचे चेऊलकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर. समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. हिब्रू नावाने ते सॅम्युएल इझिकेल. एकाच माणसाची ही दोन नावे ज्याला ठाऊक नाहीत, त्याला पलटणीच्या कागदातला समाजी आणि सिनेगॉगच्या वहीतला सॅम्युएल हे दोघे वेगळेच पुरुष वाटतील. याच समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या लोकांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

कोकणातली ही कबरस्ताने बहुधा गावाबाहेर, माडांच्या वा चिंचांच्या सावलीत, पडक्या गडग्याच्या आत असतात. दगड काळा, स्थानिक; वर हिब्रू अक्षरांच्या ओळी, खाली बाळबोध मराठी. नाव, बापाचे नाव, गावावरून पडलेले आडनाव आणि तिथी दोन्ही पंचांगांची. पावसाळा संपता संपता गेल्यास दगडावर शेवाळ इतके माजलेले असते की अक्षर आहे की भेग, ते कळत नाही. जाणते लोक त्यावर खडू घासत नाहीत, आम्ल तर मुळीच ओतीत नाहीत. नुसत्या पाण्याने व मऊ कुंच्याने धुऊन सकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहतात, आणि ऊन नसेल तर आरशाने कवडसा बाजूने पाडतात. भर दुपारी सपाट दिसणारा दगड अशा उजेडात ओळी-ओळींनी वर येतो.

अशाच एका कबरस्तानात इस्रायलमधील अश्दोदहून आलेल्या एक बाई भेटल्या. त्यांची मराठी घरातली, आजीकडून आलेली. ‘पाणी’ला अजून त्या कोकणी हेल काढीत होत्या. आजीचे माहेर रेवदंड्याकडचे, एवढेच त्यांना ठाऊक. आजीचा बाप पलटणीत होता, त्याची कबर कोठे ते कोणालाच ठाऊक नाही. जवळच्या मुसलमान वाडीतला एक म्हातारा कुंपणाची राखण करतो. त्याने तिसऱ्या रांगेतल्या एका दगडाकडे बोट दाखविले. तो दगड आजीच्या बापाचा नव्हता, त्याच्या भावाचा निघाला. पण त्यावर आजीच्या आज्याचे नाव होते, आणि ते नाव त्या कुटुंबात पुढे दोन पिढ्यांनी पुन्हा ठेवलेले होते. “मग हे नाव इथून आलं,” एवढेच बाई म्हणाल्या, आणि वहीत हिब्रूत काहीतरी लिहू लागल्या.

या मंडळींना वंशाचा शोध केवळ ओढीने करावा लागला असे नाही. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने, त्यांच्यापैकी कोणी इतर यहुद्यांशी विवाह करू इच्छील तर त्याच्या पूर्वजांची, विशेषतः मातृवंशाची, मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा हुकूम काढला. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला त्यांनी आता आजीची आजी कोण हे सिद्ध करायचे! मोर्चे निघाले, धरणी धरली गेली, आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानल्यावरच ते प्रकरण शमले. अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग व सागरकिनाऱ्यावरची ही कबरस्ताने यांना त्या वादात अचानक पुराव्याची किंमत आली. तहसील कचेरीच्या बाकावरचा बाप आणि ही माणसे यांची दुःखे एकमेकांना कळतील, असे मला राहून राहून वाटते.

मातृवंश शोधायला कोणी मराठी हिंदू कुटुंबाला सांगितले असते तर काय झाले असते? श्राद्धात माता, पितामही व प्रपितामही यांनाही आवाहन आहे, मातामहालाही आहे. पण दफ्तराने त्यांना जवळजवळ हद्दपारच केले. त्यातून लग्नात वधूचे नाव बदलण्याची आपली रूढी. माहेरची गोदावरी सासरी जानकी होते, आणि माहेरच्या कागदातली मुलगी व सासरच्या कागदातली विधवा यांना जोडणारा दुवा त्या एका दिवशी तुटतो. जुन्या खतांवर कारकुनाने तिचे नाव लिहिलेले असते आणि पुढे तिची म्हणून निशाणी असते, ‘बांगडी’. वेशीवरच्या सतीशिळेवर काय असते? कोपरात दुमडलेला हात आणि त्यात बांगड्या, नाव नाही. कागदाने आणि दगडाने आपल्या स्त्रियांविषयी एकच गोष्ट नोंदविण्याचे ठरविलेले दिसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र सरकारने सक्तीचे केले आहे. ते योग्यच झाले. शंभर वर्षांनंतरच्या शोधकाची निम्मी वाट त्यामुळे मोकळी होईल. पण त्यापूर्वी होऊन गेलेल्या स्त्रियांपुरता पुरावा म्हणजे आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या बायकांची स्मृती हाच आहे, आणि तिची प्रत कोठल्याही अभिलेख कक्षात मिळणार नाही.

घराण्याचा इतिहास लिहिण्याची कोणाची इच्छा असो वा नसो, घरच्या पेटीतल्या कागदांबाबत मात्र वाचकांना विनंती करावीशी वाटते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे पायपीट करीत गावोगाव हिंडले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड त्यांनी काढले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आणि हे सारे चालू असताना वाड्यांतून कागद वाण्याच्या पुड्यांना व चुलीला जातच होते. ते अजून थांबलेले नाही. वाडा पाडून इमारत उभी राहताना माळ्यावरचे दफ्तर पहिल्या दिवशी रद्दीवाल्याकडे जाते. मोडी कागद सापडल्यास त्याला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कदापि करू नये. प्लास्टिकात अडकलेला कागद पुढे सोडविता येत नाही. घडी जबरीने न उलगडता स्वच्छ सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवावा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि ज्या गावी, ज्याच्या घरी, कोणत्या पेटीत तो सापडला ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांसारख्या संस्था जुने कागद जतन करतात. मालकी सोडणे जिवावर येत असेल तर कागद घरीच राहू द्यावेत, पण छायाचित्रे तरी त्यांच्याकडे द्यावीत.